नागपुरात घडलेली मोजपट्टी नागपुरातच नव्याने आखली जावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राध्यापक संशोधन करीत नाहीत, आणि केलेच तर पदोन्नतीपुरते करतात, ही तक्रार आपल्या स्तंभातून अधूनमधून वाचायला मिळते. तक्रार खोटी नाही. मात्र मानसशास्त्रापुरते बोलायचे तर हे असे का घडते आणि त्यात विदर्भातल्या मुलांचे काय नुकसान होते, हे तपशिलात शिरल्याशिवाय कळत नाही. नागपुरात हा विषय शिकवणारे आम्ही काही आजी-माजी प्राध्यापक तो तपशील वाचकांपुढे ठेवू इच्छितो. पत्र लांबले आहे, पण त्याहून थोडक्यात हे सांगता येण्यासारखे नाही.

सुरुवात नागपूरपासूनच करावी लागेल. मुलांची बुद्धिमत्ता मोजण्यासाठी देशभर वापरली जाणारी ‘मिसिक’, म्हणजे मॅलिन यांची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी, या शहरात तयार झाली. डॉ. आर्थर मॅलिन यांनी इथल्या चाइल्ड गाइडन्स सेंटरमध्ये काम करताना वेक्सलर यांच्या १९४९ च्या अमेरिकी चाचणीवरून ती बेतली आणि १९६९ मध्ये तिची पुस्तिका आली. वय ६ ते १५, उपचाचण्या ११. त्यांतल्या ६ शाब्दिक आणि ५ कृतीच्या. मूल रोजचे व्यवहार स्वतः किती करते हे मोजणारी, एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत मांडलेली व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीही मॅलिन यांनीच भारतीय घरांना जुळेल अशी करून घेतली. ८९ प्रश्नांची ही श्रेणी मानसशास्त्राच्या वर्तुळात आजही ‘नागपूर आवृत्ती’ म्हणून ओळखली जाते. त्याआधी १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बिने यांच्या चाचणीचे रूपांतर केले होते, तेच आजचे बिने-कामत. म्हणजे या देशात मुलांचे बुद्धिमापन ज्या साधनांवर उभे आहे, त्यांतल्या मोठ्या वाट्यात मराठी मुलखाचा हात आहे. मानसशास्त्राच्या वर्गात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगायलाच हवी.

पण मोजपट्टी एकदा केली की झाले, असे नसते. चाचणीत मुलाला नुसते गुण मिळतात; त्या गुणांचा अर्थ मानकांवरून ठरतो, म्हणजे त्याच वयाची इतर मुले सरासरी किती करतात यावरून. १९६९ च्या पुस्तिकेतली मानके त्या काळच्या मुलांची आहेत. जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासून दाखवून दिले की, पिढीगणिक मुलांचे चाचणीतले गुण वाढत जातात. अमेरिकेत ही वाढ दर दशकाला सुमारे ३ गुण इतकी निघाली. सगळ्या देशांत गती सारखी नसते, पण दिशा बहुतेक ठिकाणी तीच. त्यामुळे ५०-५५ वर्षांपूर्वीच्या मानकांवर आजचे मूल मोजले तर त्याचा बुद्ध्यंक फुगून येण्याचा धोका मोठा. सामान्य मुलाच्या बाबतीत यातून फारसे बिघडत नाही. ज्या मुलाचा खरा बुद्ध्यंक ६५ च्या घरात आहे आणि कागदावर ७६ येतो, त्याच्या आईवडिलांना मात्र सांगितले जाते, ‘काही नाही हो, थोडा हळू आहे.’

शाब्दिक उपचाचण्यांत याच्या उलटही होते. १९६० च्या दशकातल्या मुलाला सहज माहीत असलेली वस्तू किंवा शब्द आजच्या मुलाने पाहिलेला-ऐकलेला नसतो, आणि तिथे गुण आटतो. (बुद्धिमापनाचे प्रश्न वृत्तपत्रात छापणे योग्य नाही, म्हणून उदाहरण देत नाही.) एकाच मुलाचा गुण एका उपचाचणीत फुगतो, दुसरीत आटतो, आणि बेरजेत दोन्ही चुका झाकल्या जातात.

सामाजिक परिपक्वता श्रेणीचे प्रश्न पालकांना विचारायचे असल्याने त्यांची चर्चा उघडपणे करता येते. त्यात दहा वर्षांच्या आसपासच्या टप्प्यावर दोन कौशल्ये आहेत: टेलिफोन करता येणे आणि अधूनमधून छोटी पत्रे लिहिणे. ज्या काळात फोन पोस्टात किंवा शेजारच्या दुकानात असायचा, नंबर फिरवावा लागायचा आणि पत्र हाच निरोपाचा मार्ग होता, त्या काळात हे दहा वर्षांच्या मुलाचे यथार्थ माप होते. आज पाच वर्षांचे पोर चित्र पाहून आजीला मोबाइल लावते आणि पंधरा वर्षांच्या मुलाने पोस्टकार्ड हातात धरलेले नसते. पहिल्याला ‘येते’ म्हणून गुण द्यायचा का? दुसऱ्याला ‘येत नाही’ म्हणून कापायचा का? अशा वेळी प्रत्येक मानसशास्त्रज्ञ आपापल्या समजुतीने ठरवतो, आणि एकच मूल दोन ठिकाणी दोन गुण घेऊन येते.

हा फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. मूल १२ वर्षांचे, म्हणजे १४४ महिन्यांचे. श्रेणीवरून त्याचे सामाजिक वय ९८ महिने निघाले तर सामाजिक गुणांक (सामाजिक वय भागिले खरे वय, गुणिले १००) ६८ येतो. १०२ महिने निघाले तर ७१. फरक ४ महिन्यांचा, म्हणजे एक-दोन प्रश्नांच्या होकार-नकाराचा. दिव्यांगत्वाच्या मूल्यमापनासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ५५ ते ६९ या गुणांकाला ५० टक्के आणि ७० ते ८४ ला २५ टक्के दिव्यांगत्व धरले होते; मार्च २०२४ मध्ये त्या सूचना बदलल्या. २०१६ च्या कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. म्हणजे अशा कोष्टकात तो एक ‘फोन लावता येतो’चा होकार मुलाला रेषेच्या अलीकडून पलीकडे नेऊन ठेवतो, आणि त्याच्या प्रमाणपत्राचा, सवलतींचा सगळा हिशेब बदलतो. २०१८ च्या याच सूचनांत बुद्ध्यंकासाठी बिने-कामत आणि मिसिक ही नावे होती, आणि अध्ययन अक्षमतेच्या तपासणीआधी मुलाचा बुद्ध्यंक ८५ च्या वर आहे ना, हे पाहण्यासाठीही मिसिकच. इतका भार ज्या साधनावर टाकला गेला, त्याची देखभाल कोणी करायची? उत्तर सरळ आहे: मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी. ते का करीत नाहीत, हा यापुढचा मुद्दा.

सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. लागते. त्यानंतरची कितीतरी वर्षे तासिका तत्त्वावर जातात; एका महाविद्यालयात सकाळी चार तास, दुसऱ्यात दुपारी दोन, आणि मार्च संपला की कामही संपले. अशा माणसाने पाच वर्षांचा प्रकल्प हाती घ्यावा ही अपेक्षाच चुकीची आहे. कायम नोकरी मिळाली की आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी प्राध्यापक झाल्यावर १४. शिवाय प्रवेश समिती, परीक्षा, मूल्यांकनाच्या फायली. एवढे करूनही संशोधन करणारे आहेत. पण ते कोणते संशोधन करतात, हे गुणांचा तक्ता ठरवतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार थेट निवडीने सहयोगी प्राध्यापक व्हायला किमान ७ शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुण, प्राध्यापक व्हायला किमान १० शोधनिबंध आणि १२० गुण हवेत. सामाजिक शास्त्रात एका निबंधाला पायाभूत १० गुण. पुस्तकाला, पुस्तकातल्या प्रकरणाला, अनुवादाला, पेटंटला, परिषदेतल्या व्याख्यानालासुद्धा रकाना आहे. मानसशास्त्रीय चाचणी तयार करणे किंवा जुन्या चाचणीची मानके नव्याने काढणे, याला रकानाच नाही. त्यावर निबंध लिहिला तर निबंधाचे गुण मिळतील. मग तिथे दुसरा नियम आडवा येतो: लेखक दोनपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकी प्रत्येकाला ३० टक्के. आठ प्राध्यापकांनी दोन वर्षे शाळा-शाळा हिंडून एक हजार मुले तपासली आणि निबंध काढला, तर एकाला ७ गुण, उरलेल्या सात जणांना प्रत्येकी ३. आणि एकट्याने आपल्याच महाविद्यालयात दोन तासांत २०० प्रश्नावल्या भरून घेऊन निबंध छापला, तर १० गुण. कोणताही समंजस माणूस काय निवडेल?

तेच निवडले जाते. ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील समायोजन आणि आत्मसंकल्पना’ अशा धर्तीच्या शीर्षकाखाली ५० शहरी मुले, ५० शहरी मुली, ५० ग्रामीण मुले, ५० ग्रामीण मुली. बाजारातून आणलेली तयार चाचणी. दोन बाय दोनचा आराखडा. शेवटी ‘सार्थ फरक आढळला’ किंवा ‘आढळला नाही’. यात तीन गोष्टी बिघडतात. एक तर प्रयुक्त, म्हणजे ज्यांच्यावर अभ्यास करायचा ती माणसे, निवडताना जे वर्गात बसलेले सापडले तेच घेतले जातात, त्यामुळे ‘ग्रामीण’ म्हणजे नागपुरात खोली करून राहणारा मुलगा. दुसरे, प्रत्येक गटात ५० प्रयुक्त असतील तर एकेका गटाच्या तुलनेत मध्यमापेक्षा मोठाच फरक पकडता येतो. लहान फरक, म्हणजे प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्या मापाच्या) सुमारे ०.३ इतका, ८० टक्के खात्रीने पकडायचा तर दर गटात १७५ च्या आसपास माणसे लागतात. पन्नासांवर ‘फरक नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे अंधुक दिव्यात सुई शोधून ‘सुई नाही’ म्हणण्यासारखे आहे. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. चाचणी मुळात इंग्रजीत किंवा हिंदीत प्रमाणित झालेली असते. मराठी भाषांतर रात्रीतून होते आणि विश्वसनीयता-सप्रमाणतेचे (चाचणी दर वेळी सारखेच मोजते का आणि जे मोजायचे तेच मोजते का, याचे) आकडे मात्र मूळ पुस्तिकेतून उचलून प्रबंधात लिहिले जातात. भाषांतर झाले की ती वेगळी चाचणी होते. तिचे आकडे नव्यानेच काढावे लागतात.

भाषेचा मुद्दा विदर्भात फार टोकदार आहे. नैराश्याच्या प्रश्नावलीत ‘मला उदास वाटते’ असे छापलेले असते. काटोल-नरखेडकडची बाई ‘उदास’ म्हणत नाही. ती म्हणते ‘करमत नाही’, ‘जीव लागत नाही कशात’, ‘डोकं काम करत नाही’. छापील वाक्याला ती ‘नाही’ म्हणते आणि तिचा गुण शून्य येतो. म्हणून भाषांतराची रीत ठरलेली आहे. दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचे, तिसऱ्याने मूळ न पाहता परत उलटे भाषांतर करायचे, समितीने फरक पाहायचे, आणि मग दहा-पंधरा जणांसमोर बसून एकेक वाक्य वाचून विचारायचे, ‘यातून तुम्हाला काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा.’ ही शेवटची पायरी जवळजवळ नेहमी गाळली जाते, आणि चुका नेमक्या तिथेच सापडतात. त्यानंतर लहान गटावर चाचपणी, एकेका विधानाचे एकूण गुणांशी नाते तपासणे, दोन ते चार आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा देणे. एका छोट्या प्रश्नावलीचे हे सगळे नीट करायला दीड-दोन वर्षे जातात.

आता शिकवण्याविषयी, कारण संशोधनाचे हात प्रात्यक्षिकाच्या तासालाच तयार होतात किंवा बिघडतात. पदवीला आरशातले रेखाटन, म्यूलर-लायर भ्रम (सारख्याच लांबीच्या रेषा टोकांच्या बाणांमुळे लहान-मोठ्या दिसणे), अवधान विस्तार, प्रतिक्रिया काल हे प्रयोग असतात. म्यूलर-लायरमध्ये पट्टी निम्म्या वेळा आखूड लांबीकडून मोठ्या लांबीकडे आणि निम्म्या वेळा मोठ्या लांबीकडून आखूड लांबीकडे सरकवायची असते. विद्यार्थी वेळ वाचवायला एकाच दिशेने सरकवतात, आणि मग भ्रमाचा आकडा व सरकवण्याच्या सवयीचा आकडा एकमेकांत मिसळतो. प्रतिक्रिया काल मोबाइलच्या घड्याळावर मोजला तर गंमतच होते: माणसाचा दिसणाऱ्या खुणेवरचा प्रतिसाद सेकंदाच्या पाव भागाच्या आत येतो, आणि घड्याळ दाबणाऱ्याच्या बोटालाही तितकाच वेळ लागतो. आपण प्रयुक्त मोजतो की प्रयोगकर्ता? हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः विचारला पाहिजे, इथपर्यंत त्याला आणणे हे शिक्षकाचे काम आहे.

अंक-स्मरणाचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. नियम असा की, अंक सेकंदाला एक या गतीने, सपाट आवाजात म्हणायचे, शेवटच्या अंकाला आवाज किंचित खाली आणायचा. ऐकायला सोपे. पण आपल्या सगळ्यांना मोबाइल नंबर तुकड्या-तुकड्यांनी सांगायची सवय आहे. विद्यार्थी सहा अंक वाचतो ते नकळत ‘सात-दोन, नऊ-चार, एक-आठ’ असे जोड्यांनी. मुलाला मग सहा सुटे अंक नव्हे, तीन जोड्या लक्षात ठेवाव्या लागतात आणि गुण वाढतो. हे विद्यार्थ्याला सांगून कळत नाही. त्याच्याच आवाजाचे ध्वनिमुद्रण त्याला ऐकवावे लागते. दुसरी अडचण आमच्या शहराची: सेमी-इंग्रजीतला मुलगा घरी ‘चार’ म्हणतो, गणिताच्या तासाला ‘फोर’, आणि गल्लीत क्रिकेटचा स्कोअर हिंदीत मोजतो. अंक कोणत्या भाषेत द्यायचे? अंकांचे शब्द जितके लांब तितके कमी अंक ध्यानात राहतात, हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे, म्हणून भाषा बदलली की मानकही बदलते. दोन अंकी संख्यांत तर मराठीचा पेच वेगळाच; ‘सदुसष्ट’ ऐकून ७६ लिहिणारी मुले बुद्धीने कमी नसतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ पद्धतीची मांडणी आणली, त्यामागे हीच अडचण होती. तोंडी गणिताच्या उपचाचणीत याचा हिशेब धरलेला नाही.

चाचण्यांच्या साहित्याची अवस्था हा असाच दुर्लक्षित विषय. मूळ संच महाग, म्हणून उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती काढल्या जातात. छायाप्रतीची छायाप्रत, तिचीही पुन्हा छायाप्रत. तीन-चार वेळा झाले की चिन्हांच्या उपचाचणीतल्या बारीक रेघा पुसट होतात आणि भूलभुलैयाचे कागद आकाराने किंचित आक्रसतात. वाट अरुंद झाली की पेन्सिल भिंतीला लागते आणि मुलाची चूक मोजली जाते. ठोकळ्यांचा रंग उडालेला असतो, लाल की मळका पांढरा ते कळत नाही. दर जूनमध्ये विभागाने एक तास बसून मूळ प्रतीशेजारी छापील प्रत ठेवून पट्टीने मोजली, ठोकळे तपासले, घड्याळाचे सेल बदलले, तर यातले बरेच टळते.

प्रात्यक्षिकाची वही, म्हणजे जर्नल, नकलून लिहिण्याविषयी बोलायलाच हवे. घरी बसून भरलेली आकडेवारी ओळखता येते. खऱ्या माणसांचे आकडे ओबडधोबड असतात. कोणी मध्येच कंटाळतो, एखादा प्रयत्न फुकट जातो, शिकण्याचा आलेख एखाद्या ठिकाणी वर उसळतो. बनावट आकडे पायऱ्यांसारखे उतरतात, शेवटी ० आणि ५ जास्त येतात, आणि दोन जर्नलांत प्रमाण विचलन दशांशापर्यंत सारखे निघते. शिक्षकाने पहिल्या महिन्यातच मूळ नोंदीचा कागद, प्रयुक्ताच्या अंतर्निरीक्षण अहवालासह (प्रयोगात काय जाणवले ते त्याच्याच शब्दांत), त्याच तासाला सही करून ठेवून घेतला तर ही सवय लागत नाही. अपेक्षेविरुद्ध निकाल आला म्हणून गुण कापायचे नाहीत, हे तोंडी परीक्षेला येणाऱ्या बाह्य परीक्षकालाही सांगावे लागते. पदवीला ज्याने आकडे बनवले तो पीएच.डी.ला ते बनवणार नाही, अशी आशा कशाच्या बळावर करायची?

मग करता काय येईल? आमचे म्हणणे असे की, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने आणि परिसरातल्या मानसशास्त्र विभागांनी मिळून मुलांच्या बुद्धिमापनाची व सामाजिक परिपक्वतेची विदर्भासाठी मराठी मानके काढावीत. हिशेब अशक्य नाही. वय ६ ते १५ म्हणजे १० वयोगट. दर गटात १०० मुले, निम्म्या मुली. शहरी-ग्रामीण, मनपा, जिल्हा परिषद आणि खासगी शाळा, मराठी व सेमी माध्यम यांचे प्रमाण आधी ठरवून. एकूण १००० मुले, दर मुलाला सुमारे दोन तास. आठ प्रशिक्षित परीक्षकांनी आठवड्यातल्या दोन सकाळी दोन-दोन मुले तपासली तर आठवड्याला ३२ मुले होतात, आणि ३० आठवड्यांत ९६०. घटक चाचण्या, सण, गैरहजेरी, मध्येच कंटाळलेली मुले धरली तर दोन शैक्षणिक वर्षे. एप्रिल यातून वगळावा. नागपुरात पत्र्याच्या वर्गखोलीत सकाळी दहानंतर मुलाच्या घामाने कागद ओला होतो, आणि तेव्हा त्याची बुद्धी मोजली जात नसते. दहा टक्के उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाने स्वतंत्रपणे तपासायच्या, साठेक मुलांना महिन्याभराने पुन्हा बसवायचे. कृतीच्या उपचाचण्यांत दुसऱ्या वेळी सरावाने गुण वाढतात, तो फरक वेगळा नोंदवायचा.

सामाजिक परिपक्वतेच्या मुलाखतीत एक दक्षता जास्त हवी. ‘येतं का?’ असे विचारले की आई ‘येतं’ म्हणते, विशेषतः सासू शेजारी बसली असेल तर. ‘काल कोणी केलं? तुम्ही जवळ होतात का?’ असे विचारावे लागते. आणि बारा वर्षांच्या मुलीला एकटीने इतवारीच्या बाजारात सामान आणायला पाठवतच नसतील तर ते ‘येत नाही’ नव्हे, ‘संधी नाही’. डॉल यांच्या मूळ पद्धतीत त्यासाठी वेगळी खूण आहे. घाईच्या तपासणीत ती कोणी वापरत नाही, आणि मुलींचे गुण विनाकारण खाली येतात.

चाचणी विकत घेतली म्हणजे तिची मानके नव्याने काढून छापण्याचा हक्क मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागेल. प्रकाशकाची लेखी परवानगी आधी. ती मिळाली नाही तर स्वतःची नवी श्रेणी बांधायची. त्याला आणखी दोन वर्षे जास्त, पण मग ती आपली असेल. त्याचबरोबर नैतिक समिती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ च्या मुलाची लेखी अनुमती घ्यावी लागते. कला महाविद्यालयांत अशी समिती बहुधा नसते, आणि असली तरी कागदावर. प्रत्येकाने वेगळी स्थापण्यापेक्षा विद्यापीठाने सामाजिक शास्त्रांसाठी एक सामाईक समिती चालवावी आणि तिने महिन्यातून एकदा नेमाने बसावे. तपासणीत एखादे मूल खरोखर अडचणीत दिसले तर पुढे कोणाकडे पाठवायचे, हेही आधी ठरलेले असावे. इथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एम.ए. झालेल्या परीक्षकाने आकडे गोळा करावेत; पालकाच्या हातात निदान ठेवू नये, तो अधिकार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचा आहे.

गुणांच्या तक्त्याचा पेच दिल्लीत सुटायचा तेव्हा सुटेल. विद्यापीठाच्या हातात पीएच.डी. आहे. २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक असू शकतात, मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षे. सामाईक आकडेवारीवर चौघांना चार वेगळे प्रश्न देता येतील: एकाला अंक-स्मरण व भाषा, एकाला ग्रामीण शाळांतली कृतीच्या उपचाचण्यांची सप्रमाणता, एकाला मुलींच्या ‘संधी नाही’ नोंदींचा अभ्यास, एकाला नव्या-जुन्या मानकांमधला फरक. प्रत्येकाचा प्रबंध स्वतंत्र, निबंधही स्वतंत्र, आणि १००० मुलांचा नमुना एकट्याच्या खिशातून उभा राहिला नसता तो उभा राहतो. सध्या उलट होते: प्रबंध ग्रंथालयात जातो आणि मूळ उत्तरपत्रिका मार्गदर्शकाच्या कपाटातून निवृत्तीच्या वर्षी रद्दीत. त्या नावे काढून, सांकेतिक क्रमांक देऊन विभागात जपल्या तर पुढच्या माणसाला पुन्हा शून्यापासून लागावे लागणार नाही. महाविद्यालयांनी एवढेच करावे की, या कामातल्या प्राध्यापकाच्या दोन सकाळी वेळापत्रकात मोकळ्या ठेवाव्यात आणि त्या तासांना रजा म्हणू नये.

निधीचा प्रश्न येईल, पण इथे मोठा खर्च यंत्रांचा नाही, संच आणि प्रवासाचा आहे. संच महाविद्यालयांनी आपसांत फिरवले तर आठ पुरे. वेळ मात्र हाताशी कमी आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैत पहिल्या मुलाची तपासणी सुरू व्हायची असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे परवानगीचा अर्ज मार्चपूर्वी, नैतिक समितीकडे प्रस्ताव जानेवारीत आणि प्रकाशकाला पत्र दिवाळीच्या सुट्टीआधी जायला हवे. परीक्षकांचे प्रशिक्षण मे महिन्यात, प्रत्येकाने किमान दहा मुले देखरेखीखाली तपासून. या कामात यायला तयार असलेल्या सहकाऱ्यांनी आपापल्या विभागप्रमुखांमार्फत विद्यापीठाच्या मानसशास्त्र अभ्यास मंडळाला दोन ओळींचे पत्र द्यावे, म्हणजे मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेता येईल.

आपले,
मानसशास्त्राचे काही आजी-माजी प्राध्यापक,
नागपूर